विषय: मावशींच्या जावयासाठी रॅम्प, वर्गणी काढायची का?

प्रेषक: सुनीता (सेवा समिती)

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळातल्या एका मावशींकडे त्यांची लेक आणि जावई राहायला आलेत. नाव इथे लिहीत नाही, ज्यांना मदत करायचीय त्यांना फोनवर सांगेन. जावई अमेरिकेच्या आर्मीत होते, अफगाणिस्तानात पाठीच्या कण्याला मार बसला, तेव्हापासून व्हीलचेअर. मावशींचं घर दुमजली, पुढच्या दाराला चार पायऱ्या, खाली फक्त टॉयलेट आणि सिंक, आंघोळीची सोय वरती. म्हणजे आंघोळीला दोघांनी उचलून वर न्यायचं, आणि मावशींच्या यजमानांची कंबर आता तेवढी साथ देत नाही. समितीत असं बोलणं झालं की गणपतीच्या शिल्लक वर्गणीतून एक लाकडी रॅम्प करून द्यावा. घरच्यांनी व्हीएकडे (अमेरिकी सरकारचं माजी सैनिकांसाठीचं खातं) चौकशी केली होती पण कोणीतरी सांगितलं की घर स्वतःच्या नावावर नसेल तर काही मिळत नाही. कोणाला यातली माहिती असेल तर प्लीज लिहा.

सुनीता

---

प्रेषक: अविनाश

सुनीताताई,

वर्गणीचं नंतर बघू, आधी ते "घर नावावर नसेल तर काही नाही" हे डोक्यातून काढून टाकायला सांगा, कारण त्यांच्यासारख्यांसाठीच वेगळी सोय आहे. मी काही वर्षं व्हेटरन्सच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या, अर्जांना मदत करतोय आणि हा गैरसमज मला सारखा भेटतो.

व्हीएची मोठी ग्रँट म्हणजे स्पेशली अडॅप्टेड हाउसिंग, सगळे एसएएच म्हणतात. २०२५ च्या आर्थिक वर्षात तिची मर्यादा १,२१,८१२ डॉलर होती आणि दर १ ऑक्टोबरला बांधकाम खर्चाप्रमाणे आकडा बदलतो, त्यामुळे अर्ज करताना चालू आकडा बघा. हे कर्ज नाही, फेडायचं नाही. तिच्यासाठी घर स्वतःचं लागतं, किंवा घ्यायचं ठरलेलं असावं लागतं. पण जो माणूस तात्पुरता नातेवाइकाच्या घरी राहतोय त्याच्यासाठी टीआरए आहे, टेम्पररी रेसिडेन्स अडॅप्टेशन, आणि एसएएचला पात्र असणाऱ्याला त्याच वर्षी त्यात ४९,०६२ डॉलरपर्यंत मिळत होते. घर सासू-सासऱ्यांचं असलं तरी चालतं. उरलेली एसएएच पुढे स्वतःचं घर घेतील तेव्हा वापरता येते, २०२० च्या कायद्यानंतर ही मदत एकूण सहा वेळा घेता येते, आधी तीनच वेळा होती. टीआरए हा त्यातला एक वापर धरला जातो.

आता खरा मुद्दा. रेटिंगच्या पत्रात (व्हीएने अपंगत्व किती ठरवलं त्याचं पत्र) "लॉस ऑफ यूज" हे शब्द आहेत का ते बघायला सांगा. लोकांना वाटतं पाय कापलेला असेल तरच एसएएच मिळते, तसं अजिबात नाही, पाय जागेवर आहेत पण कायमचे निकामी झाले, चालायला ब्रेसेस, कुबड्या, काठ्या किंवा व्हीलचेअर लागते आणि हे सैन्याच्या नोकरीतल्या दुखापतीमुळे झालंय, तरी पात्रता येते. कण्याच्या दुखापतीत नेमकं हेच असतं. पत्रात तो शब्द नसेल तर पहिलं काम रेटिंग नीट करून घ्यायचं, ग्रँटचा फॉर्म नंतर.

अर्ज फॉर्म २६-४५५५, ऑनलाइनही भरता येतो. भरण्याआधी डीएव्ही (डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स) किंवा पॅरालाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका (पीव्हीए) या संस्थांच्या सर्व्हिस ऑफिसरला, म्हणजे अर्जाला मदत करणाऱ्या माणसाला, भेटा. पीव्हीए १९४६ पासून कण्याच्या दुखापतीवाल्यांसाठीच काम करते आणि हे लोक एक पैसा घेत नाहीत. "तुमचा क्लेम फाइल करून देतो, फी अमुक" म्हणणारा कोणी आला तर त्याला दारातच थांबवा, पहिल्या क्लेमसाठी फी घ्यायला कायद्याने बंदी आहे, तरी लोकांना गाठून पैसे काढणारे आहेतच आणि याचा मला फार राग येतो.

अविनाश

---

प्रेषक: शरदकाका

अविनाशचं बरोबर आहे. मी बांधकामाचं लिहितो, आयुष्य त्यातच गेलं.

लाकडी रॅम्प एका शनिवारी ठोकून होईल असं कोणाच्या मनात असेल तर थांबा. उतार १ ला १२ हवा, म्हणजे एक इंच चढाला एक फूट लांबी. चार पायऱ्या सात सात इंचाच्या धरल्या तर २८ इंच, म्हणजे २८ फूट रॅम्प, शिवाय वर खाली पाच पाच फुटांची सपाट जागा. मावशींच्या पुढच्या अंगणात हे सरळ बसणारच नाही, वळवावा लागेल आणि वळणावरही व्हीलचेअर फिरेल एवढी सपाट जागा सोडावी लागेल. घाईत उभा उतार केला तर माणूस मागे कोसळतो. शिवाय बाहेर पडायला दुसरा मार्गही लागतो, आग लागली आणि पुढचं दार अडलं तर काय करणार?

पण माझ्या मते रॅम्पपेक्षा आंघोळीचा प्रश्न मोठा आहे. खालच्या टॉयलेटला लागून एखादं कपाट किंवा लाँड्रीची जागा असेल तर भिंत पाडून रोल-इन शॉवर होतो, उंबरा नसलेला, खुर्ची सरळ आत जाते. दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच, ३६ केली तर हात सोलवटत नाहीत. उचलून वर नेण्यात त्या मुलाला किती ओशाळं वाटत असेल याचा विचार करा, त्यामुळे मी आधी बाथरूमच घेईन. टेपने मापं मी घेऊन देतो, फुकट.

व्हीएच्या मंजुरीआधी कंत्राटदाराला हातोडा लावू देऊ नका.

---

प्रेषक: मेधा

अविनाशदादा, एक विचारायचं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये एक वयस्क व्हेटरन भाड्याने राहतात, नोकरीतली दुखापत नाही, वयामुळे आता चालणं होत नाही. त्यांना काहीच नाही का?

---

प्रेषक: अविनाश

मेधा, त्यांच्यासाठी एचआयएसए बघ, घरात गरजेपुरते बदल करायची ग्रँट. ती व्हीएच्या आरोग्य खात्याकडून मिळते, त्यासाठी व्हीएच्या डॉक्टरने लिहून द्यावं लागतं. नोकरीशी संबंध नसलेल्या आजारासाठी आयुष्यभरात २,००० डॉलर, संबंध असेल तर ६,८००. फॉर्म १०-०१०३. भाड्याचं घर चालतं पण मालकाची लेखी परवानगी हवी. आणि मालक "रॅम्प नको, धरायचे बार नको" म्हणाला तर १९८८ पासून फेअर हाउसिंग कायद्यात आहे की वाजवी बदल करू द्यावेच लागतात, खर्च मात्र साधारण भाडेकरूचा, आणि आतले बदल जाताना पूर्ववत करायला सांगू शकतात.

सुनीताताई, ही ६,८०० ची ग्रँट मावशींच्या जावयालाही टीआरएसोबत घेता येते, त्यामुळे दोन्ही अर्ज लावा.

---

प्रेषक: सुनीता

सगळ्यांचे मनापासून आभार, मावशींशी आत्ताच बोलले, रेटिंगचं पत्र कुठल्यातरी पेटीत आहे ते शोधतायत. अविनाशदादा, रविवारी दुपारी तुम्ही आणि जावई बसून पत्र वाचाल का, ते जरा बोलायला कचरतात पण तुमच्याशी बोलतील. शरदकाका मापांसाठी त्याच वेळी आले तर बरं. वर्गणीचे पैसे मी तूर्त बाजूला ठेवते, मंजुरी येईपर्यंत भाड्याची शॉवर चेअर आणि मावशींना मदतनीस लागला तर त्यासाठी वापरू. कोणाची हरकत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.