मदत हवी आहे : नाणं १७८० चं, भाव फक्त चांदीचा?

घाईत_आहे
उद्या दुपारी घेणारा येतोय, म्हणून जरा लवकर सांगा. माझ्याकडे १७८० चं चांदीचं नाणं आहे. अडीचशे वर्षं होत आली त्याला. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला गरुड. घेणारा म्हणतो, वजन करून चांदीचा भाव देईन, वर काही नाही. इकडे वाचलं की १८०४ चा अमेरिकी डॉलर २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजार डॉलरला गेला. तोही चांदीचाच, आणि माझ्या नाण्यापेक्षा चोवीस वर्षांनी लहान! मग नाण्याची किंमत ठरते तरी कशावर? हा माणूस मला फसवतोय का?

तराजू
कुठल्या देशाचं? वजन किती? कडेवर अक्षरं आहेत का? आणि फोटो? "बाई आणि गरुड" एवढ्यावर कोण काय सांगणार?

सोनंच_खरं
एवढा खल कशाला? किंमत शेवटी धातूची. पर्थच्या टांकसाळीने एक टन सोन्याचं नाणं पाडलंय, दर्शनी किंमत दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. जगातलं सर्वांत मोलाचं नाणं तेच. घेणारा बरोबर बोलतोय.

जुना_संग्रह
पूर्ण असहमत. १९३३ चा अमेरिकी डबल ईगल घ्या. दर्शनी किंमत वीस डॉलर, आत शुद्ध सोनं जेमतेम ३० ग्रॅम. जून २०२१ मध्ये लिलावात गेला सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला. धातूचा हिशोब इथे कुठे बसतो?
त्या वर्षी ४,४५,५०० नाणी पाडली होती. पण रूझवेल्टने लोकांजवळचं सोनं सरकारजमा करायला लावलं आणि ही नाणी चलनात आलीच नाहीत, वितळवली गेली. थोडी बाहेर निसटली, ती सरकार अजूनही चोरीचा माल मानतं. एका कुटुंबाकडे दहा सापडली, तीही कोर्टात सरकारकडेच गेली. इजिप्तचा राजा फारूक याच्या संग्रहातलं मानलं जाणारं एकच नाणं खाजगी माणसाला कायद्याने बाळगता येतं. २००२ मध्ये ते विकलं तेव्हा बोलीच्या रकमेवर आणखी वीस डॉलर घेतले, नाणं रीतसर चलनात आणण्यासाठी! ते वीस डॉलर भरले नसते तर बाकीची रक्कम फुकट होती.

सोनंच_खरं
हौसेला मोल नसतं. टनभर सोनं म्हणजे टनभर सोनं.

जुना_संग्रह
मग हे बघा. २०१७ मध्ये बर्लिनच्या बोडे संग्रहालयातून कॅनडाचं शंभर किलोचं सोन्याचं नाणं चोरीला गेलं. ते परत मिळालं नाही, चोरांनी तुकडे करून वितळवलं असं मानतात. वितळवूनही त्यांचं नुकसान झालं नाही, कारण किंमत सोन्यातच होती. डबल ईगल वितळवा, हातात ३० ग्रॅम उरतं.

लख्ख
नाणं काळं पडलं असेल तर टूथपेस्ट आणि मऊ ब्रश. दोन मिनिटांत आरशासारखं होतं, घेणाराही खूश.

तराजू
कृपा करून असलं काही सांगू नका! घासलं की पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात, ते कधीच जात नाहीत. जाणकार नाणं प्रकाशात तिरकं धरतो आणि त्याच क्षणी ओळखतो. १७९४ चे चांदीचे डॉलर १,७५८ पाडले होते, त्यातल्या एकाला २०१३ मध्ये एक कोटी डॉलर मिळाले. तीच साल, तीच चांदी, पण झिजलेल्या जोडीदारांना त्याच्या जवळपासही भाव नाही. त्या एकाच्या अंगावर ठशाची ताजी चमक तशीच राहिली आहे.

घाईत_आहे
मी रविवारीच घासलं. टूथपेस्टनेच.
असो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर २८ ग्रॅम भरलं. रुंदी चार सेंटिमीटर. गरुडाला दोन डोकी आहेत. बाईच्या डोक्यावर पदरासारखं काहीतरी, खाली एस आणि एफ. सुरुवातीला एम आणि थेरेसिया असं लिहिलंय. आता तरी सांगा.

टांकसाळ
हे आधी सांगितलं असतं तर एका ओळीत उत्तर मिळालं असतं. हा मारिया थेरेसाचा थेलर. ऑस्ट्रियाची ही राणी नोव्हेंबर १७८० मध्ये वारली. पण अरबस्तान आणि इथिओपियाकडचे व्यापारी तिच्याच चेहऱ्याचं नाणं मागायचे, दुसरं घेत नसत, म्हणून तेच साल ठेवून ते पाडत राहिले. व्हिएन्नातच नाही, रोम, लंडन, पॅरिस, मुंबई इथेही. मुसोलिनीने १९३५ मध्ये त्याचे ठसे मिळवून रोममध्ये पाडून घेतलं. एकूण संख्या कोट्यवधी. तेव्हा "१७८०" वरून नाणं कधीचं ते ठरत नाही. डोक्यावर आहे तो विधवेचा बुरखा, नवरा १७६५ मध्ये गेल्यापासून ती शोकवस्त्रांतच असे.

घाईत_आहे
म्हणजे साल खोटं? मग खोट्या सालाला भाव नाही, एवढंच ना?

जुना_संग्रह
तेवढंच नाही! तुम्ही ज्याचं उदाहरण दिलंत त्या १८०४ च्या डॉलरवरचं सालही खोटंच आहे. पहिले नग १८३४ मध्ये पाडले, सयामचा राजा आणि मस्कतचा सुलतान यांना नजराणा द्यायला. पण ते जगात वीसही नाहीत आणि ते हवे असणारे शेकडो आहेत. तुमचं नाणं हवं असणारेही पुष्कळ, पण ते मिळतंही हवं तितकं.

टांकसाळ
हे मान्य. फक्त एक भर : नुसतं दुर्मिळ असूनही भागत नाही. जगात एकच उरलेली किती तरी प्राचीन नाणी आहेत ज्यांना कुणी विचारत नाही. मागणी लागतेच. घाईत_आहे, बाईच्या ब्रोचमधले मोती आणि गरुडाच्या शेपटीची पिसं मोजा. त्यावरून कुठल्या टांकसाळीचं ते जुळवता येतं. सुरुवातीच्या काळातलं निघालं तर चांदीहून जास्त मिळेल, घासलेलं असलं तरी. नाणं मुळात कुठून आलं?

घाईत_आहे
आजोबांच्या पेटीतून. ते एडनच्या बंदरात नोकरीला होते, हे लिहायचं राहिलं.

टांकसाळ
राहिलं?! अहो, तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांना हेच नाणं चालायचं, कॉफीचे सौदे यातच होत. पेटीत त्या काळची पत्रं, पावत्या काही आहेत का?

घाईत_आहे
पत्रांचं एक पुडकं आहे, अजून सोडलेलं नाही. मोती नऊ मोजले, पिसं भिंगाशिवाय दिसत नाहीत. घेणाऱ्याला उद्या येऊ नका म्हणून कळवलंय.

लख्ख
पुडकं सोडताना सुती हातमोजे घाला.

तराजू
हातमोजे नकोत, पानं फाटतात. हात धुऊन, कोरडे करून सोडा. आणि आता तरी फोटो टाका, दोन्ही बाजूंचे आणि कडेचा.