कर्नाळा म्हणजे फक्त किल्ला नव्हे
मुलांना घेऊन जायच्या ठिकाणांच्या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्याची चढण लहान मुलांना झेपत नाही, म्हणून तो यादीतून काढावा. किल्ल्यापुरतं हे पटतं. शेवटचा टप्पा उभा आहे आणि मोठ्यांचीही दमछाक होते. पण किल्ल्याभोवतीच्या पक्षी अभयारण्यात हरियाल आणि मोरटाका अशा दोन निसर्गवाटाही आहेत, त्यांचा उल्लेख इथे कुणीच केला नाही. आम्ही पाच वर्षांची लेक आणि सासूबाईंना घेऊन डिसेंबरात सकाळी लवकर हरियालच्या वाटेने गेलो. गर्द सावली, पायाखाली पाचोळा, घाई कसलीच नाही. हरियाल (हिरवं कबूतर) हा आपला राज्यपक्षी आहे हे कळल्यावर लेक प्रत्येक वडा-उंबराच्या शेंड्याकडे बघत चालली होती. दिसला नाही, तरी पुन्हा जायचा हट्ट आहेच.

मोठी मुलं घेऊन किल्ल्यावर जाणारच असाल, तर एक गोष्ट खरंच जपा. वरच्या सुळक्याला आग्या मोहोळं असतात. तिथे आरडाओरडा नको, अत्तर-सेंट नको, धूर तर अजिबात नको. मुलांना हे वर पोचल्यावर नाही, खाली फाटकापाशीच समजावून सांगा.