टर्की चिकनसारखीच करायची का? मदत हवी आहे

मंडळी, न्यू जर्सीतून लिहितेय. यंदा थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे आठ जण जेवायला आहेत आणि नवऱ्याने हौसेने १२ पौंडांची, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोची गोठवलेली टर्की आणून ठेवलीय. फ्रिजमध्ये नीट वितळायलाच तीन दिवस लागतात, म्हणून घाईने विचारतेय.

गेल्या वर्षी शेजाऱ्यांकडे खाल्ली होती. छातीचा भाग चिकनपेक्षा जाड धाग्यांचा, कोरडा. घास नुसता तोंडात फिरत राहिला. ग्रेव्ही ओतली तेव्हा कुठे घशाखाली उतरला. तंगडी मात्र झकास! रंगाने गडद, चव चिकनपेक्षा उग्र, थोडी गावठी कोंबडीच्या वळणाची. (सासूबाईंना हे अजिबात पटणार नाही.)

आतलं तापमान १६५ फॅरनहाइट व्हायलाच हवं हे ठाऊक आहे, पण तंगडी शिजेपर्यंत छाती वाळून जाते त्याचं काय? आदल्या रात्री मीठ चोळून ठेवू, की दही-आलं-लसूण लावू? की सरळ तुकडे करून तंगड्यांचा रस्सा आणि छातीचा खिमा करू? आणि मसाला चिकनइतकाच पुरतो का?

ज्यांनी स्वतः केलीय त्यांनीच सांगा, व्हिडिओच्या लिंका नकोत.