बंड्या ४३ किलोंचा झालाय, वय १०. उपाशी न ठेवता वजन कसं उतरवायचं?

तिसरामजला_सहकारनगर

नमस्कार मंडळी. आमचा बंड्या लॅब्राडॉर आहे, पिवळा, नसबंदी झालेला. जूनमध्ये दहा वर्षांचा झाला. तीन वर्षांचा असताना ३३ किलो होता, परवा दवाखान्यातल्या काट्यावर ४३ भरला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पूर्वी तळजाई टेकडीवर माझ्या पुढे धावायचा, आता वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसतो आणि माझ्याकडे बघत राहतो. त्याची धाप कमी होईपर्यंत मीही पायरीवर बसतो.

दहा किलो उतरवा, खाणं निम्मं करा, एवढं सांगून डॉक्टरांनी पाठवलं. मी त्याच दिवशी कोरडं खाणं ३५० ग्रॅमवरून १७५ वर आणलं. सोळा दिवसांत जेमतेम दोनशे ग्रॅम कमी झाले. पण बंड्या कचऱ्याच्या डब्यात तोंड घालू लागला, जे त्याने आजवर कधी केलं नव्हतं. रात्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आडवा पडून असतो.

खरी अडचण आईची आहे. ती ७९ वर्षांची. बाबा गेल्यापासून सकाळी तव्यावरची पहिली पोळी तूप लावून बंड्याची, मग तिची. दिवसभरात अशा चार होतात. दुपारी दहीभात, चहाबरोबर बिस्किटं. बंद कर म्हटलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हातारपणी कुणाला उपाशी ठेवू नये रे," म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही.

या वयात वजन किती वेगाने उतरवलेलं चालतं? आणि आईचा हात कसा आवरू?

वेताळटेकडी_पहाटे

खाणं कमी करण्याआधी रक्त तपासून घ्या. दहाव्या वर्षी थायरॉइड मंदावल्यानेही वजन वाढतं. नुसता टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) कमी आला म्हणून गोळी सुरू करू नका, दुसरा आजार असला तरी तो कमी दिसतो. सोबत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) करायला सांगा. मूत्रपिंड आणि यकृतही त्याच वेळी बघा. पाणी खूप पितो का, पोट लोंबतंय का, केस विरळ झालेत का, हेही डॉक्टरांना सांगा. कुशिंग नावाच्या संप्रेरकांच्या आजारात असं होतं.

सातारकर_मळा

आमच्याकडे मळ्यावर कुत्र्यांना आठवड्यातून एक दिवस काही घालत नाही, फक्त पाणी. सगळी सडपातळ आहेत. करून बघा.

मोतीची_वही

सातारकर दादा, मळ्यावरची कुत्री दिवसभर पळतात, त्यांची गोष्ट वेगळी. बंड्याला उपास नका घडवू. आधीच भुकेला आहे, दुसऱ्या दिवशी कचऱ्यातून काय गिळेल सांगता येत नाही. तिथे कांदा, लसूण, मनुका काहीही असू शकतं आणि ही तिन्ही कुत्र्याला विषारी आहेत.

तिसरामजला, तुमचं वाचताना मला आमची मोती दिसत होती. तीही लॅब्राडॉर, नऊ वर्षांची असताना ३८ किलो. आठ महिन्यांत २९.५ वर आली. मी रोज वहीत लिहायचे, म्हणून आकडे पाठ आहेत.

आधी तीन दिवस काहीच बदलू नका, फक्त त्याच्या तोंडात जाणारा प्रत्येक घास लिहा. तुम्ही सांगितलंत त्यावरून मी अंदाज केला. तुपाची पोळी साधारण १२० कॅलरी, म्हणजे चारांच्या ४८०. बिस्किट २५च्या आसपास, सहा धरली तर १५०. दहीभात २००. आईंच्या हातूनच आठशेच्या वर जातंय! तुम्ही कोरडं खाणं निम्मं केलंत तेव्हा त्याची प्रथिनं आणि क्षार निम्मे झाले, तूप मात्र तेवढंच राहिलं. अशाने चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला जिना चढायला स्नायूच लागतात.

हिशोब असा करतात: हवं असलेलं वजन ३३ किलो, त्याचा पाऊण (०.७५) घात काढायचा आणि ७० ने गुणायचं. उत्तर ९६०च्या जवळ येतं. दिवसभराचं सगळं मिळून तेवढ्या कॅलरींपासून सुरुवात करा, डॉक्टरांना दाखवून. नेहमीचं खाणं कमी करण्यापेक्षा वजन उतरवण्यासाठीचं वेगळं खाणं मिळतं ते घ्या. त्यात कॅलरी कमी, प्रथिनं आणि चोथा जास्त, त्यामुळे वाटी भरलेली दिसते. महाग आहे, पण मोती त्यावर शांत झोपायची. जुन्या खाण्यात हळूहळू मिसळत आठवड्याभरात बदला. पाकिटावर किलोमागे किती कॅलरी ते छापलेलं असतं. मोजायला वाटी नको, ग्रॅमचा काटाच घ्या.

वेग म्हणाल तर आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे चारशे-साडेचारशे ग्रॅम. दोन टक्क्यांच्या वर नको. त्याहून हळू उतरलं तरी घाबरू नका. दहा किलोंना सहा-आठ महिने लागतील. दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर, सकाळी खाण्याआधी वजन करा. दवाखाना लांब असेल तर भंगारवाल्याचा मोठा काटा चालतो, मी तसंच केलं. बोटांनी बरगड्याही चाचपा. आपल्या हाताच्या पालथ्या बाजूवरून बोटांची हाडं जशी लागतात तशा त्या लागायला हव्यात. आत्ता तळहातासारख्या लागत असतील.

आता आई. आमच्याकडे हे काम माझे बाबा करायचे. भांडून काही झालं नाही. शेवटी मी सकाळी त्यांच्या हातात स्टीलचा छोटा डबा द्यायला लागले. मोतीच्या रोजच्या हिश्शातूनच काढलेले तीस दाणे, उकडलेल्या गाजराचे आणि दुधीचे तुकडे, आणि सुपारीएवढ्या गोळीचा बिनतुपाचा फुलका. दिवसभर हवं तेव्हा त्यांनी द्यायचं, डबा रिकामा झाला की उद्या. बाबा एकेक दाणा देत संध्याकाळपर्यंत पुरवायचे. मोतीला कुणाच्या हातचं मिळतंय हे महत्त्वाचं होतं, किती मिळतंय ते नाही. आईंची पहिली पोळी काढून घेऊ नका, लहान करा. असा वरचा खाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवा, बंड्याला साधारण ९५.

आईंना आणखी एक सांगा. लॅब्राडॉरची भूक खोटी नसते. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना जवळपास चौथाई लॅब्राडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. बंड्या मागतोय म्हणजे उपाशी आहे असं नाही, आणि ढोंग करतोय असंही नाही. आणि २००२ साली छापून आलेला एक अभ्यास: ४८ लॅब्राडॉर, एकाच वेतातल्या जोड्या, त्यातल्या एकाला आयुष्यभर पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, दुसरे ११.२. ही पावणेदोन वर्षं मी बाबांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

एक मात्र लगेच करा. बंड्या वळणावर बसतो तो नुसत्या वजनाने बसत नसावा. मोती आळशी झाली असं मी वर्षभर समजत होते. एक्स-रेमध्ये खुब्याचा सांधा झिजलेला निघाला. ती दुखणं सोसत होती आणि मी तिला पट्टा धरून ओढत होते. हे मला अजून खुपतं. सांधे तपासून घ्या. मूत्रपिंड ठीक असेल तर डॉक्टर मेलोक्सिकॅमसारखं दुखणं कमी करणारं औषध देतील. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन चुकूनही नको. फरशीवर वाटीपासून दारापर्यंत रबरी चटया टाका, आणि जिन्यात पोटाखालून टॉवेल घेऊन त्याचा भार उचला. फिरणं एकदा तासभर नको, दहा-दहा मिनिटं तीनदा, ऊन चढायच्या आत. तळजाईचा चढ दोन-तीन किलो उतरल्यावर बघू.

तिसरामजला_सहकारनगर

ताई, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. पावणेदोन वर्षांपाशी तिने मला थांबवलं, परत वाचायला लावलं. मग उठून मांडणीवरचा बाबांचा सुपारीचा डबा काढला, घासला आणि ओट्यावर पालथा घातला.

शनिवारी रक्त आणि खुब्याचा एक्स-रे, वेळ घेतली आहे. आज खाली जाताना टॉवेल लावला. दुसऱ्या मजल्यावर थांबला, पण बसला नाही.