चिंताविकार असताना धावणं सुरू करायचंय: किती, कसं, आणि छातीत धडधडलं तर काय?

घाटवाट:
बहिणीसाठी विचारतोय. वय 34, चिंताविकार, अधूनमधून पॅनिक अटॅक. चार महिन्यांपासून एस्सिटालोप्राम 10 मिलिग्रॅम चालू आहे. ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले, धावायला हरकत नाही, हळूहळू वाढवा. पण हळूहळू म्हणजे किती? दुसऱ्याच मिनिटाला धडधड सुरू होते, अटॅक आला असं वाटून ती खाली बसते. हे रेटायचं की सोडायचं? आणि धावल्यावर एंडॉर्फिन वाढून मन प्रसन्न होतं म्हणतात, ते नक्की किती दिवसांनी?

सावकाश:
दुसऱ्या मिनिटाला धाप लागतेय म्हणजे वेग जास्त आहे. नव्याने धावणारे बहुतेक सगळे तिथेच चुकतात. वेग बारिकीने बघायचा तर घड्याळ नको, पाढा म्हणायला लावा. पळता पळता बाराचा पाढा मध्ये न थांबता पूर्ण झाला तर वेग बरोबर. (एकोणतिसाचा नको, तो बसूनही अडतो.)

सुरुवातीचे दोन आठवडे असे: 5 मिनिटं भरभर चालणं, मग 1 मिनिट धावणं आणि 2 मिनिटं चालणं असं आठ वेळा, शेवटी 5 मिनिटं सावकाश चालणं. एकूण 34 मिनिटं. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. तिसऱ्या आठवड्यापासून 2 मिनिटं धाव, 2 मिनिटं चाल, सहा वेळा. पाचव्यापासून 3 आणि 1, सहा वेळा. सातव्यापासून 5 आणि 1, चार वेळा. एखादा टप्पा जड गेला तर तोच आणखी आठवडाभर करायचा, पुढच्या टप्प्यावर जायचं नाही.

आता धडधडीचं. पॅनिकमध्ये ठोके, घाम, धाप या खुणांचा अर्थ मेंदू ‘धोका’ असा लावतो. धावताना त्याच खुणा येतात, पण कारण समोर दिसत असतं. हे पुन्हा पुन्हा घडलं की त्या खुणांची भीती कमी होते. चिंतेवरच्या वर्तनोपचारात जिने चढायला किंवा जागेवर उड्या मारायला लावतात, ते याचसाठी. म्हणून धडधडलं की खाली बसायचं नाही, चालायला लागायचं. तीन पावलांत श्वास आत, चार पावलांत बाहेर. दोनेक मिनिटांनी आणखी हळू धावून बघायचं. एकदम थांबलं की दोन तोटे: रक्त पायांत साचून चक्कर येऊ शकते, आणि ‘बसले म्हणून वाचले’ हा धडा पक्का होतो.

मात्र छातीत दाब येणं, जबड्यात किंवा हातात कळ, शुद्ध हरपणं, किंवा दहा मिनिटं विश्रांती घेऊनही ठोके अनियमित राहणं, यातलं काहीही झालं तर ‘पॅनिकच असेल’ म्हणून घरी थांबू नका. थेट रुग्णालय.

रेणूपुराण:
एंडॉर्फिनची गोष्ट लोकप्रिय आहे, पण डळमळीत. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही. 2015 मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात धावल्यानंतरची चिंतामुक्ती कॅनाबिनॉइड नावाच्या रेणूंचे ग्राहक (ते पेशीला जिथे चिकटतात त्या जागा) बंद केल्यावर नाहीशी झाली. हे रेणू शरीर स्वतःच बनवतं आणि ते मेंदूत सहज पोचतात. 2021 मध्ये माणसांना नाल्ट्रेक्सोन देऊन एंडॉर्फिनची वाट अडवली, तरी धावल्यावरचा आनंद टिकून राहिला. पण या आनंदाची वाट बघत बसू नका, तो दर वेळी येत नाही, आणि उपचार म्हणून त्याची गरजही नाही.

किती दिवसांनी? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने 1999 मध्ये नैराश्य असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या 156 जणांचे तीन गट केले: सर्ट्रालिन (नैराश्यावरची गोळी), व्यायाम, आणि दोन्ही. 16 आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखे सुधारले, पण सुरुवातीला औषधाच्या गटात फरक लवकर दिसला. त्यामुळे दोन आठवड्यांत निकाल लावू नका.

अॅमस्टरडॅमचा 2023 चा अभ्यास तुमच्या कामाचा आहे. 141 रुग्ण, 45 औषधावर, 96 धावण्यावर, बहुतेकांनी गट स्वतः निवडलेला. 16 आठवड्यांनी दोन्हीकडे साधारण 44 टक्के बरे झाले. पण ठरलेला उपचार नीट पाळणारे औषधाच्या गटात 82 टक्के आणि धावण्याच्या गटात 52 टक्के. धावण्याची कच्ची बाजू हीच, माणूस अर्ध्यातून सोडतो. सोबतीला कोणी असेल तर तीन दिवस ठरावीक वेळी बाहेर न्या.

गोळीबार:
वरच्या आकड्यांवरून गोळी बंद करायचा विचार मनात आणू नका. एस्सिटालोप्राम एकदम सोडलं की गरगरणं, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं, चिडचिड होते, आणि आजार उलटला असं वाटतं.

एस्सिटालोप्रामसारख्या औषधांनी रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं. अर्ध्या तासाच्या धावेला लिटर-दोन लिटर पाणी रिचवू नका, तहान लागेल तेवढंच प्या. कोणी प्रोप्रॅनोलॉल घेत असेल तर त्याने ठोके दबतात, नाडीचे आकडे मग निरुपयोगी, पाढाच खरा. लिथियमवर (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) असणाऱ्याने घामानंतर पाणी आणि मीठ सांभाळायचं, पाय दुखले म्हणून मनाने आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही, लिथियमची पातळी वाढून विषबाधा होऊ शकते.

धावण्याआधीची कॉफी बंद, कडक चहासुद्धा. निम्मी धडधड तिथेच जाईल. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी12 तपासलंय का?

घाटवाट:
थायरॉईड राहिलंय, करून घेतो. पाढ्याची युक्ती आवडली. तिच्या हातात स्मार्ट घड्याळ आहे, दर अर्ध्या मिनिटाला बघते. आणि पावसाळ्यात खंड पडला तर?

सावकाश:
घड्याळ घरी. अंगातल्या खुणा सतत तपासणं हाच तर चिंतेचा खुराक.

पावसात इमारतीच्या पार्किंगमध्ये किंवा गच्चीच्या छपराखाली जागेवर धावलं तरी चालतं. ओल्या शेवाळलेल्या फरशीवर नको. दहा मिनिटं झाली तरी तो दिवस मोजा. खंड दोन आठवड्यांपेक्षा मोठा असेल तर एक टप्पा मागे जाऊन सुरू करा. भटकी कुत्री मागे लागली तर पळू नका, चालायला लागा, बहुतेक वेळा तीही थांबतात.

रेणूपुराण:
आणि उलट टोकाचंही बघा, म्हणजे अति धावणं. दुखऱ्या पायाने धावणं, एक दिवस चुकला तर अपराधी वाटणं, झोप उडणं, सकाळी उठल्याउठल्याची नाडी नेहमीपेक्षा सात-आठने जास्त. यातलं दोनतीन एकत्र दिसलं की आठवडाभर नुसतं चालायचं, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगायचं.