नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर वर्षातून एक दिवस रीतसर बाइक शर्यत का नको?

नेरूळकर:
शनिवारी रात्री एक वाजला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. सायलेन्सर बदललेल्या पाच-सहा बाइक वाशीकडून येतात आणि बेलापूरच्या दिशेने निघून जातात. राग येतो, आणि तरी मी उठून खिडकीत जातो. वीस वर्षं बाइक चालवतोय. वेगाची ओढ खोटी असते असं माझ्याच्याने म्हणवत नाही.

ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर 1907 पासून टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) ही बाइकची शर्यत होते. रोजच्या वापरातले रस्ते, कडेला घरांच्या भिंती, एक फेरी साधारण 60 किलोमीटरची. 2023 मध्ये पीटर हिकमन या इंग्लिश स्वाराने ती ताशी 219 किलोमीटरच्या सरासरीने पुरी केली. पण त्या वेळी रस्ता कायद्याने बंद असतो. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसारही गुन्हा आहे तो राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावण्याचा. म्हणजे संमतीची वाट उघडी आहे. चेन्नईत 2024 मध्ये शहरातल्या रस्त्यांवर रात्री कारच्या शर्यती झाल्याच. मग पाम बीच एक दिवस बंद करा आणि पोरांना पळू द्या.

घोडबंदरवाला:
साफ असहमत. रस्ता बंद केला म्हणून त्याचा ट्रॅक होत नाही. ट्रॅकवर घसरलात तर पुढे मोकळी जागा असते. पाम बीचवर पुढे दुभाजक असतो, नाहीतर सिग्नलचा खांब.

टीटीच्या त्या मार्गावर आजवर अडीचशेहून जास्त स्पर्धक जिवानिशी गेले. एकट्या 2022 च्या टीटीत सहा. 2007 मध्ये तर बघायला आलेले दोघे गेले. उत्तर आयर्लंडच्या शर्यतपटूंचं डनलॉप घराणंच घ्या. जोईने टीटीच्या 26 शर्यती जिंकल्या आणि 2000 मध्ये एस्टोनियात रस्त्यावरच्याच शर्यतीत त्याचा जीव गेला. भाऊ रॉबर्ट 2008 मध्ये गेला, रॉबर्टचा मुलगा विल्यम 2018 मध्ये. दुसरा मुलगा मायकल तरीही पळतच राहिला आणि काकाचा विक्रम त्याने मोडला. मला त्यात शौर्य दिसतं, पण त्या घरातल्या बायकांचं काय होत असेल हे आधी मनात येतं. 1972 च्या टीटीत मित्र पार्लोटी गेल्यावर इटलीच्या अगोस्तिनीने तिथे पळणं सोडलं. इतक्या वेळच्या विश्वविजेत्याला भित्रा म्हणायचं का?

सानपाड्याचा पोरगा:
काका, आम्ही जायचं कुठे? मोठे ट्रॅक नोएडाला, चेन्नईला, कोइम्बतूरला. गाडी तिकडे न्यायची तर महिन्याचा पगार जातो. शंभरच्या पुढे काटा गेला की हेल्मेटमध्ये फक्त वारा ऐकू येतो, डोक्यातलं बाकी सगळं थांबतं. दिवसभर क्लास, ईएमआय, लोकल. ती दहा मिनिटंच माझी असतात.

रात्रपाळीची सिस्टर:
बाळा, त्या दहा मिनिटांनंतरची रात्र मी बघते. गेल्या पावसाळ्याआधी तुझ्याच वयाचा एक जण आणला. मांडीचं हाड बाहेर आलेलं, आणि मला विचारतो, ‘सिस्टर, गाडीला किती लागलंय?’ शेजारच्या खाटेवर तुर्भ्याच्या एमआयडीसीतून दुसरी पाळी संपवून स्कूटरवर घरी निघालेला माणूस होता. त्याने कुठल्या शर्यतीत नाव दिलं होतं? टीटीतला स्वार स्वतःच्या जिवावर खेळतो, तू या माणसाच्या जिवावर. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला 28 मीटर पुढे जाते. ब्रेक दाबायचं मनात येईपर्यंतच त्याची स्कूटर तुझ्या चाकाखाली आलेली असते.

सानपाड्याचा पोरगा:
ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण नुसती धरपकड करून आम्ही थांबणार नाही, हेही खरं आहे. पाच हजार दंड भरून मित्र पुढच्या शनिवारी परत आला.

नेरूळकर:
सिस्टर, त्या स्कूटरवाल्याचा विचार मी केला नव्हता. पाम बीचचा हट्ट सोडतो. पण ठाणे-नवी मुंबईत कुठेतरी छोटा, साधा सरावाचा ट्रॅक हवा, पोराच्या खिशाला परवडेल असा. पालिकेला आणि सिडकोला अर्ज लिहायला घेतो. सही कोण करेल?

घोडबंदरवाला:
ट्रॅकसाठी करतो. रस्त्यावरच्या शर्यतीचा त्यात एक शब्दही आला तर नाही.

रात्रपाळीची सिस्टर:
मीही करते, पण माझी एक ओळ घाला. ट्रॅक व्हायला वर्षं लागतील. तोवर दर शनिवारी रात्री बारा ते तीन वाशीच्या टोकाला पोलिसांची गाडी उभी हवी, याच आठवड्यापासून.