शेक्सपिअरचं यमक चुकलं, की आपला उच्चार सरकला?

रानजाई : शेक्सपिअरचं ११६वं सुनीत (चौदा ओळींची कविता, सॉनेट) शिकवताना कॉलेजात सांगितलं होतं, की शेवटी येणारे 'प्रूव्ह्ड' आणि 'लव्ह्ड' हे नुसतं डोळ्यांचं यमक, कागदावर जुळतं, कानाला नाही. कित्येक वर्षं मी ते खरं मानलं. आता वाटतं, हे चुकीचं शिकवलं जातं. बेन जॉन्सन त्याच काळातला नाटककार. १६४० मध्ये छापलेल्या त्याच्या इंग्रजी व्याकरणात ऱ्हस्व 'ओ'ची उदाहरणं आहेत : 'मदर', 'ब्रदर', 'लव्ह', 'प्रूव्ह'. सगळी एका माळेत! यमक शाबूत आहे, बदललो आपण.

कडूजिरे : मला पटत नाही. एकट्या जॉन्सनवरून सगळ्या लंडनची बोली ठरत नाही. पहिल्या सुनीतात 'मेमरी' जुळते 'डाय'शी, ४५व्यात 'मेलन्कली' जुळते 'दी'शी (thee, म्हणजे 'तू'). दोन्हींच्या शेवटी अक्षर तेच, 'वाय'. मग खरा उच्चार कोणता? शिवाय यमकावरून उच्चार ठरवायचा आणि त्याच उच्चारानं यमक बरोबर म्हणायचं, हे गोल गोल फिरणं झालं.

कानसेन : तेव्हा दोन्ही उच्चार चालत, म्हणून दोन्ही यमकं खरी. अक्षरावरून आवाज ठरत नाही हे आपल्याला तरी ठाऊक हवं : दुनिया म्हणजे 'जग' आणि पाण्याचा 'जग' आपण सारखेच लिहितो. आणि अलेक्झांडर पोप या इंग्रजी कवीचं काय? १७११ मध्ये तो 'जॉइन'ला 'डिव्हाइन' जुळवतो, पुढे 'ओबे'ला 'टी'. या जोड्या डोळ्यांनाही जुळत नाहीत! इतका काटेकोर कवी त्या ठेवतो, कारण तेव्हा 'जाइन' म्हणत आणि चहाला 'टे'.

कडूजिरे : पोपचा मुद्दा बिनतोड, मान्य. पण कवी एकमेकांच्या जोड्या उचलतात हेही खरं. 'लव्ह–प्रूव्ह' शेक्सपिअरच्याच काळातल्या मार्लोकडे आहे, आणि १८५० मध्ये टेनिसनकडेही. टेनिसनच्या काळी तर ती कानाला जुळत नव्हती.

रानजाई : टेनिसनला डोळ्यांचं यमक म्हणा, माझी हरकत नाही. तो शिक्का अडीचशे वर्षं मागे नेऊन १६०९च्या सुनीतांवर मारू नका, एवढंच. २००४ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात भाषातज्ज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांच्या मार्गदर्शनाखाली 'रोमिओ अँड ज्युलिएट'चे काही प्रयोग जुन्या उच्चारांत झाले. नटांनी ते बोलून दाखवलं. 'प्रव्ह्ड' असं एकदा मोठ्यानं म्हणा, ११६वं कसं घट्ट मिटतं ते कळेल.

कडूजिरे : म्हणून पाहिलं. मिटतं खरं. ४५व्याबद्दल मात्र माझं म्हणणं कायम आहे.